हौदातली फुगेवाली

५ ऑगस्ट

दादा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरला असशील, म्हणून आधी सांगते: बाबा बरे आहेत. नुसते बरे नाहीत, चांगलेच आहेत, आणि ते का चांगले आहेत हे सांगायलाच हे पत्र. आधीच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, त्याबद्दल काही म्हणत नाही. हेही टाकून दे, पण वाचून टाक.

तू ताटावरून उठून गेलास त्यानंतरचे बाबा तू पाहिलेले नाहीत. पंपघराला कुलूप लागून नोकरी संपली तरी ते सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून नळाकडे बघत राहायचे. नळाला नव्या योजनेचं पाणी आलं की म्हणायचे, "आलं तुझ्या भावाचं पाणी." मग तेच प्यायचे. दुसरं कुठलं पिणार? जुने पंप भंगारात काढायच्या अहवालावर आपल्या मुलाची सही आहे, हे ते कुणापाशी बोलले नाहीत, पण तो कागद कायम त्यांच्यासमोर धरलेला असल्यासारखे दिसायचे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ते पुन्हा पंपघराकडे जायला लागले. किल्ली त्यांनी परत केलीच नव्हती, आणि कुणी मागितलीही नव्हती. बंद पडलेल्या गोष्टीची किल्ली कोण मागतं. मागचा तो मोठा हौद तुला आठवत असेल, नदीचं पाणी आधी तिथे यायचं आणि गाळ खाली बसला की पुढे पंपाकडे जायचं. आता नदीचं पाणी येत नाही. नुसतं पावसाचं साचलंय, आणि ढवळायला कुणी नसल्यामुळे इतकं नितळ की तळाची फरशी दिसते. त्या पाण्यातून वर आलेली पिवळी फुलं बाबांना दिसली. बारीक देठांवर, दोन ओठ मिटल्यासारखी. त्यांनी एक ओढून काढलं तर खाली मूळ नाहीच. नुसती केसांसारखी हिरवी जाळी, आणि जाळीला तिळाएवढे फुगे. पाण्याबाहेर काढल्याबरोबर सगळी जाळी चुटचुट वाजायला लागली. बाबांनी ती कानाला लावली आणि तशीच, पाणी गळत, घरी घेऊन आले.

"हा पंप आहे," ते मला म्हणाले.

आहेच तो. मी तुला समजावून सांगते, कारण बाबा मला दिवसातून दोनदा समजावतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या लॅबमधला पगार मात्र मला मिळतो. नितळ पाण्यात खायला काही नसतं, म्हणून ही बया शिकार करते. फुगा आतलं पाणी आपल्याच भिंतींतून बाहेर उपसत राहतो. उपसून उपसून भिंती आत ओढल्या जातात, गाल आत घेऊन बसलेल्या माणसासारख्या. तोंडाशी दार असतं आणि दारावर दोन-चार राठ केस. पाण्यातल्या पिसूचा पाय त्या केसाला लागला की दार आत कोलमडतं, बाहेरचं पाणी पिसूसकट आत खेचलं जातं आणि दार मिटतं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात. आपल्याला दिसतं ते एवढंच की पिसू होती आणि आता नाही. मग आतल्या आत पचन, आणि उपसा पुन्हा चालू. चुटचुट वाजतात ते हेच फुगे, पाण्याऐवजी हवा ओढून घेतात. बाबा म्हणतात, सक्शन आहे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, आणि याला वीज लागत नाही, ग्रीस लागत नाही, रजा लागत नाही. ते तिला फुगेवाली म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजात आमच्या मजल्यावर काचेचं कपाट आहे, वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचं. त्यातल्या एका कागदाखाली लिहिलंय, 'या भागातून नाहीशी झालेली.' ती या फुगेवालीच्याच कुळातली एक जात. शेजारी तिच्या फुलाचं चित्र आहे, खालचा ओठ सपाट पसरलेला. मला डबा द्यायला आले की बाबा त्या कपाटापाशी रेंगाळतात. हौदातल्या फुलाचाही ओठ सपाट. त्यांनी एक झुबका बरणीत घालून लॅबमध्ये आणला आणि मी मायक्रोस्कोपखाली पाहिला. तीच आहे, दादा.

नक्की का, असं तू विचारशील. तू कायम विचारतोस. मी पाहिलंय म्हटल्यावर आणखी काय हवं. असो.

नगरपालिकेला तो हौद बुजवून गाड्या उभ्या करायला जागा करायची आहे. बाबा तिथे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझी मुलगी कॉलेजात आहे, तिनं तपासलंय, इथे नाहीशी झालेली वनस्पती आहे. साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. किती वर्षांनी कुणी त्यांना खुर्ची दिली असेल.

तू एक ओळ लिही. मला नको, त्यांना. 'चांगलं केलंत', एवढीच.

ठकी


२९ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र मी जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशव्या घेऊन आल्या, त्यांना वाट द्यायचंही भान राहिलं नाही.

बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'अहवालात त्या हौदासमोर मी एकच शब्द लिहिला होता, निरुपयोगी. तो शब्द मी मागे घेतो. बाबांना सांग, मी तो न बघताच लिहिला होता.' बाबा म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाले चहा गार झाला, आणि कप घेऊन मोरीत गेले. चहा गार झालेला नव्हता. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "त्याला पाणी नीट पोचतं ना तिकडे?" याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव.

इथे आता ते प्रसिद्ध आहेत. पेपरात फोटो आला, बरणी हातात धरलेला. गल्लीत त्यांना दुर्मिळकाका म्हणतात. न्हावी त्यांना नंबर सोडून आधी बसवतो. रविवारी माणसं हौद बघायला येतात आणि बाबा भिंग आणि बशी घेऊन तयार असतात. बशीत फुगेवाली, तिच्यात चमचाभर पिसवा, आणि प्रत्येकानं भिंगातून बघायचं. परवा एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आमचे हे पण असेच होते, गाल आत ओढून गप्प बसायचे, आणि केसाला धक्का लागला की संपलं. बाबा इतके हसले की भिंग पाण्यात पडलं.

हौद बुजवायचं काम थांबलंय. बाहेरून पाणवनस्पतींचे एक तज्ज्ञ येणार आहेत, त्यांनी बघून सांगितलं की कायमचं थांबेल. तज्ज्ञ कशाला हवे होते कोण जाणे. आमच्या विभागप्रमुख मॅडमना फार आनंद झालाय. त्या म्हणाल्या, याच्यावर लेख लिहू आणि तुझं नाव पहिलं घालू. मी नको म्हटलं. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा नको म्हटलं. आता सगळ्या विभागाचं मत झालंय की मी फार विनयशील आहे.

तू लिहितोस, तज्ज्ञ येतील त्या दिवशी रजा काढून मीही येतो, वहिनीलाही आणतो. दादा, इतकी घाई करू नकोस. हौदाकडचा रस्ता खराब झालाय. हे कारण किती बावळट आहे ते मला कळतंय, पण पेनानं लिहितेय, खोडलं तर दिसेल.

बाबांनी तुझं पत्र मागून घेतलं. त्यांच्या उशाशी आहे.

ठकी


१४ सप्टेंबर

दादा,

येऊ नकोस. ती ती नाही.

मी हे पत्र कितीदा सुरू केलं ते विचारू नकोस. हौदातली ती साधी जात आहे. कुठल्याही डबक्यात असते ती. हे मला पहिल्याच दिवशी, पहिल्याच स्लाइडवर कळलं होतं.

फुलावरून तिची जात नक्की सांगता येत नाही, कारण फूल जुनं झालं की साधीचाही ओठ पसरतो. फुगा कापून आत बघावं लागतं. आतल्या भिंतीवर चार हातांचे केस असतात, शिकार पचवायला आणि रस शोषून घ्यायला. दोन हात लांब, दोन आखूड. नाहीशा झालेल्या जातीत आखूड हात दोन्हीकडे सरळ पसरलेले असतात. साधीत ते मागे मुडपलेले असतात. बाबांच्या बरणीतले सगळे मुडपलेले होते. एक फुगा कापला, दुसरा कापला, वेगळ्या फांदीवरचा तिसरा कापला. एखाद्या तरी फुग्यात सरळ निघावेत म्हणून कापत बसले. हे काही शास्त्र नव्हे.

बाबा लॅबच्या दारात उभे होते. आत या म्हटलं तरी ते आत येत नाहीत, बूट ओले आहेत म्हणतात. बरणीचं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. मी मान वर केली तर ते म्हणाले, "तीच ना?"

मी म्हटलं, "हो."

बस, इतकंच झालं. मी काही योजून केलं नाही. तो चेहरा पुन्हा नळासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसेल हे मला दिसलं आणि तोंडातून हो निघून गेलं. मला वाटलं, घरातल्या घरात राहील. त्यांना चार दिवस बरं वाटेल, मग विसरतील. ते तिथून थेट नगरपालिकेत गेले.

आणि तुला जे लिहिलं ते तर मी योजूनच लिहिलं. ते तोंडातून निघून गेलेलं नाही. मला वाटलं, एवढ्यावरून तू विरघळशील, आणि तू विरघळलास. तू लहानपणी मला ठकी म्हणायला लागलास ते मी बाहुलीसारखी गुबगुबीत होते म्हणून. आता नावाचा दुसरा अर्थही लावून घे.

रोज सकाळी मॅडम विचारतात, काय म्हणते आपली फुगेवाली? मी म्हणते, मजेत. माझे कान इतके तापतात की मी केस पुढे घेऊन ठेवते. बाबांच्या बशीभोवती माणसं जमली की मी मागे उभी राहून बघते. कित्येकदा पिसू आलेलीच नसते, तरी एखादा फुगा आपोआप उघडतो, नुसतं पाणी ओढून घेतो आणि मिटतो. बाबा लोकांना सांगतात, बघा, काम सुटत नाही तिचं. लोक मान हलवतात. मीही हलवते.

मी बाबांना सांगेन. तज्ज्ञ यायच्या आत सांगेन. पण तू त्या गर्दीत उभा असावास आणि ते तुझ्यासमोर व्हावं, हे मला सहन होणार नाही. बाबांनाही होणार नाही. म्हणून येऊ नकोस. मी त्यांना सांगते की तुला रजा मिळाली नाही. म्हणजे हे आणखी एक खोटं.

तुझी बहीण


२७ सप्टेंबर

दादा,

तू आला नाहीस. बरं केलंस. रजा नाही असं सांगूनही बाबा दुपारपर्यंत फाटकाकडे बघत होते.

मी त्यांना सांगितलं नाही. सकाळी ते बुटांना पॉलिश करत होते तेव्हा म्हटलं, बाबा, समजा ती नसली तर. ते ब्रश न थांबवता म्हणाले, समजा कशाला, तू पाहिलंयस ना. मी पाहिलंय म्हटलं. ते खरंच होतं, मी पाहिलं होतं.

पंपघरात बाबांनी टेबल पुसून ठेवलं होतं. आमच्या मॅडम होत्या, विभागातले दोघे-तिघे, नगरपालिकेचे इंजिनिअर, तो पेपरवाला, आणि गल्लीतली माणसं. तज्ज्ञ म्हणजे एक वाकलेले, हळू बोलणारे गृहस्थ, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ते स्वतः हौदात उतरले. पाण्यात हात घालून झुबका वर काढला, आणि बाबांसारखाच कानाला लावला. बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मग त्यांनी सोबतच्या मायक्रोस्कोपखाली फुगा कापला. बघितलं. दुसरा कापला. पंपघरात आवाज घुमतो, तुला माहीत आहे. ब्लेड काचेवर घासल्याचाही घुमला. त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळा बाजूला घेतला आणि फार हळू म्हणाले की ही साधी जात आहे, सगळीकडे आढळते, शंका नाही. पुढे म्हणाले, "ओळख कुणी केली होती?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. आणि बाबा पुढे आले.

"मी केली," ते म्हणाले. "मुलगी पहिल्या दिवसापासून सांगत होती की साधी आहे. मी ऐकलं नाही. पेपरात आणि नगरपालिकेत तिचं नाव मीच सांगितलं, तिला न विचारता."

मॅडमनी मला विचारलं, असं झालं का? मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. त्यांनी हो धरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बिचारी, असं कुणीतरी म्हणालं. ते मलाच उद्देशून होतं.

इंजिनिअर म्हणाले, म्हणजे डास आणि बेडूक सोडून इथे काही नाही ना, आणि लोक हसले. फार नाही हसले. पण त्यात न्हावी होता, आणि त्या आजी होत्या. तज्ज्ञांनी बाबांना नीट समजावलं, जुन्या फुलाचा ओठ पसरतो, तरुणपणी मीही एकदा असाच फसलो होतो. बाबांनी त्यांचे आभार मानले, आणि बूट काढताना तोल जाऊ नये म्हणून त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. तीच खुर्ची होती, पंप चालू असताना ते ज्यावर बसायचे.

घरी येताना ते पुढे चालले होते. मी मागे. वाटेत दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, काय दुर्मिळ, झालं का? बाबांनी हात वर केला, कुणी ओळखीचं भेटल्यावर करतात तसा.

जेवताना त्यांनी विचारलं, "त्याला रजा नाहीच मिळाली?"

नाही म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि ताटातलं सगळं संपवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मला लाजवू नये म्हणून.


१६ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. 'तुझ्या थापेवर विश्वास ठेवून मी बापाची माफी मागितली. आता ती माफीही मला माझी वाटत नाही. यापुढे मला लिहू नकोस.' यात मला खोडायला जागा नाही. तरी हे एक लिहिते, कारण हे बाबांबद्दल आहे, आणि तू रागावलास तो माझ्यावर.

मी मॅडमना सांगितलं. त्यांच्या खोलीत जाऊन, दार लावून सांगायचं ठरवलं होतं. पण मधल्या सुट्टीत सगळे बसलेले असताना कुणीतरी बाबांची नक्कल केली, बशी धरून वाकून बघण्याची, आणि मी तिथेच उभी राहून सांगून टाकलं की ओळख माझी होती, मला खरं माहीत होतं, आणि त्यांनी माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. नक्कल करणारा तसाच वाकलेला राहिला. दुसऱ्या दिवशी मॅडम बोलावून म्हणाल्या की नोकरी राहील, पण वनस्पती ओळखायचं काम यापुढे माझ्याकडे नाही. मी काचसामान धुवायचं आणि विद्यार्थ्यांच्या स्लाइड जागेवर लावायच्या. त्यांना राग आलेला दिसला नाही, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या जुन्या नोंदीही आता मला पुन्हा तपासाव्या लागतील. कळतंय ना?" कळतंय म्हटलं. मी तिथे इतकी वर्षं जे काही पाहिलं, त्या सगळ्याची आता खात्री करून घेतली जाईल.

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. ते इतके चिडले की मी दाराशी सरकले. तू ताटावरून उठलास त्या दिवशीही असे चिडले नव्हते.

"मी निवृत्त माणूस," ते म्हणाले. "मला चार लोक हसले तर हसले, माझं काय जातंय? तुला अजून किती वर्षं तिथे काढायची आहेत. एवढं एक काम करण्याजोगं होतं मला. तेही तू पाण्यात घातलंस."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. मी वाढायचे, ते जेवायचे. मग एका संध्याकाळी मी भांडी पुसत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, तुला वाटतं तशी तू एकटी नाहीस यात. मला काही कळेना. ते म्हणाले, "मला तिथेच शंका आली होती. दारातच."

"कशावरून?"

"तू मला बघायला बोलावलं नाहीस. कुठली नवी स्लाइड असली की तू मला हाताला धरून ओढतेस, बघा म्हणतेस, बूट ओले असू देत म्हणतेस. त्या दिवशी हो म्हणालीस आणि मायक्रोस्कोपचा दिवा बंद केलास."

मी दिवा बंद केला होता, हे मला आठवतही नव्हतं. मी म्हटलं, मग विचारलं का नाहीत?

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

मग म्हणाले की आधी हौद हवा होता म्हणून विचारलं नाही, आणि मग तुझं पत्र आलं, मग तर विचारायची सोयच उरली नाही. "ते पत्र मिळालं नसतं तर मी स्वतःच म्हटलं असतं, पुन्हा एकदा बघ गं." हे बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. माझे होतात तसेच. हे मी कुणाकडून घेतलं ते मला इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे आम्ही दोघांनी मिळून तुला फसवलं. फरक एवढाच की त्यांनी संशय मनात दाबला, आणि मला शंकाच नव्हती.

बाबांनी तुला पत्र लिहिलंय. मला दाखवलं नाही, पाकीट चिकटवूनच दिलं. मी टाकून आले. त्यांच्यावर रागावायचं असेल तर त्यांच्याशीच रागाव, पण त्यांना उत्तर दे.


२० नोव्हेंबर

दादा,

हे वाचशील की नाही माहीत नाही. माझ्या नावानं उत्तर नको, ते मी आधीच सांगते.

हौद बुजला. मातीच्या गाड्या आल्या तेव्हा बाबा घरीच थांबले. आदल्या दिवशी जाऊन एक बादलीभर फुगेवाली आणि हौदाचंच पाणी घेऊन आले, आणि गच्चीत टबात सोडली. कुणाला दाखवायला नाही. साधी आहे ती, कुणी बघायला येत नाही. न्हाव्याकडे आता ते नंबरानं बसतात.

थंडी पडल्यावर ती टबात आक्रसायला लागली. जाळी काळी पडून गळाली, फुगे गळाले, आणि टोकाला नुसत्या हिरव्या घट्ट गाठी उरल्या. एका सकाळी त्या गाठीही तळाला गेल्या. बाबा गच्चीतून खाली आले आणि म्हणाले, मेली. मी सांगितलं, मेली नाही. थंडीत ती असंच करते, सगळं आवरून कळीसारखी मिटते आणि तळाला जाऊन पडून राहते, पाणी ऊबदार झालं की वर येईल. पूर्वी मी एवढं सांगितलं असतं तर ते गल्लीभर सांगत सुटले असते.

ते म्हणाले, "बघू दे."

मी एक गाठ आणून ब्लेडनं उभी कापली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उजेडाकडे तोंड करून पाहिलं. एकावर एक दुमडलेली बारीक पानं, आत हिरवीगार. त्यांनी दुसरी कापायला सांगितली. तीही पाहिली. मग भिंग पुसून परत दिलं आणि म्हणाले, हं, बरोबर. त्यात टोमणा नव्हता. आता ते माझ्या बाबतीत असंच करतात, दूध नासलंय म्हटलं तरी स्वतः वास घेऊन बघतात. मी मुकाट्यानं पातेलं पुढे करते.

तुझी पत्रं त्यांना येतात. पाकिटावर त्यांचं नाव, तुझं तेच उभं अक्षर. मी पाकीट जिन्यातून वर आणते आणि त्यांच्या हातात देते. ते आतल्या खोलीत जाऊन वाचतात. पहिल्यांदा वाचून बाहेर आले तेव्हा मी विचारणार होते, काय म्हणतो, पण माझ्याच्यानं झालं नाही. मला हवं होतं ते झालंय, दादा. तू आणि ते एकमेकांशी बोलताय. मला ते शेजारच्या खोलीतून कळतं, तेवढ्यावर माझी काही तक्रार नाही.

काल ते म्हणाले, पुढच्या महिन्यात तो येतोय, सगळ्यांना घेऊन. आतल्या खोलीतली कॉट बाहेर काढायला हवी. आम्ही ती काढली. गादीला ऊन दाखवलं. त्यांनी तुमच्यासाठी टॉवेल आणले, गडद निळे, आणि दुकानात जाऊन एकदा बदलूनही आणले.

तुम्ही किती दिवस राहणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कॉलेजला तेव्हा सुट्टी नाही, माझा दिवस तिकडेच जातो. संध्याकाळीही काचसामानाचं काम काढता येईल, आणि एक मैत्रीण आहे, ती राहायला ये म्हणते. तेव्हा तुम्ही याल तेव्हा मी घरात असावं की नसावं, तेवढं बाबांना कळव. ते मला सांगतील.